पत्राचं दुसरं पान

बाबांना गाडी डोळ्यांपेक्षा तळहाताने जास्त कळायची. दरवाजावरून एकदा हात फिरवला की ते सांगत, ही इथे ठोकलेली आहे, इथे पुट्टी भरलीय, आणि भरणारा घाईत होता. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी डेंटिंग-पेंटिंग करत उमेदीची सगळी वर्षं घातली. शिक्षण दापोलीकडच्या आमच्या गावात सातवीपर्यंत. मराठी ते ओठ हलवत हलवत वाचायचे, इंग्रजीचं मात्र अक्षरही कळत नसे. ही गोष्ट जगात फक्त आई, माझा धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांनाच ठाऊक होती. गॅरेजमध्ये कुणी कागद पुढे केला की बाबा तो हात लांब करून धरत, भुवया आक्रसत, दोनदा "ओके, ओके" म्हणत आणि घडी करून शर्टाच्या खिशात टाकत. काखेत रोज एक इंग्रजी पेपर असायचा. तो जेवताना खाली अंथरायला कामी यायचा, पण तोवर त्यांची पत सांभाळायचा.

संध्याकाळी जेवणं झाली की खिशातला कागद माझ्याकडे येई. मी कॉटवर, ते खाली चटईवर भिंतीला टेकून. मी एक वाक्य वाचायचं, त्याचं मराठी करून सांगायचं आणि थांबायचं. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "पुढे?" मग दुसरं वाक्य. विम्याचे कागद, बँकेची पत्रं, शाळेच्या नोटिसा, रंगाच्या डब्यावरच्या सूचना, सगळं असंच. मी आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा या कामाचा मला केवढा तोरा होता. पण पंधराव्या वर्षी तोच "पुढे?" कानाला टोचायला लागला. इतर मुलींचे बाबा ऑफिसात बसून ईमेल लिहितात आणि माझ्या बाबांना साधं विजेचं बिल मी वाचून दाखवायचं, याची लाज वाटायची. लाज वाटते म्हणूनही लाज वाटायची. त्या वर्षी मी बाबांना उत्तरं इंग्रजीत द्यायला लागले होते. ते मराठीत विचारत, मी "फाइन", "नथिंग", "आय डोन्ट नो" एवढ्यावर भागवत असे.

त्याच वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं, आम्ही फ्लॅट सोडला, आणि आई भावाला घेऊन गावाला गेली. माझी दहावी होती म्हणून मी मागे राहिले. आम्ही बापलेक एका खोलीत आलो. स्वयंपाकघर सामाईक, खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे. बाबा कुळथाचं पिठलं करत आणि त्यात आम्ही कुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, बुडवून खात असू. सुकटीची चटणी करायची असली की आधी शेजारच्यांना विचारावं लागे, कारण वास जिन्यापर्यंत जायचा. आई होती तेव्हा घरात सतत कसला ना कसला आवाज असायचा, नुसता भांड्यांचाच नव्हे, तिच्या पुटपुटण्याचाही. आता फक्त एसीची घरघर. आई आठवड्यातून दोनदा फोन करायची. सुरुवातीला भाऊ फोन हिसकावून घ्यायचा, मग नुसतं "हां ताई" म्हणायचा, आणि एक दिवस आई म्हणाली, "अगं, तो खेळायला गेलाय." मी फोन ठेवला आणि बराच वेळ दप्तर भरत बसले. भरलेलंच होतं.

अशात बाबांना एक काम आलं. दुबईच्या बाहेर, जिथे इमारती संपून वाळू सुरू होते, तिथल्या रेसिंग ट्रॅकच्या कडेला रेसच्या गाड्यांचं एक म्युझियम उभं राहत होतं. जुन्या गाड्यांच्या बॉड्या नीट करायला, पॉलिश करायला त्यांना हातात कसब असलेला माणूस हवा होता. गॅरेजच्या मालकाने बाबांना सहा महिन्यांसाठी दिलं. काम पसंत पडलं तर म्युझियम बाबांना कायमचं घेणार होतं, आणि कायम झालेल्यांना मागच्या बाजूला दोन खोल्यांचं फॅमिली क्वार्टर मिळणार होतं. दोन खोल्या म्हणजे आई आणि भाऊ परत येणार. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं, पण त्या दिवसापासून ते रोज दाढी करून जायला लागले.

शुक्रवार तेव्हा सुट्टीचा, पण बाबा त्या दिवशीही कामावर जात. मला खोलीत एकटी ठेवायची नाही म्हणून बाबा गॅरेजच्या पिकअपमधून मला सोबत न्यायचे. म्युझियम अजून उघडलं नव्हतं. नवीन कार्पेटचा आणि जुन्या ऑइलचा मिसळलेला वास, पांढऱ्या चादरी घातलेल्या गाड्यांची रांग, आणि मी. बाबा मागच्या वर्कशॉपमध्ये. भिंतीपलीकडे ट्रॅकवर हौशी लोक गाड्या पळवत. आधी डासासारखा बारीक आवाज यायचा, मग एकदम छातीत घुसून निघून जायचा, आणि मागे राहणारी शांतता आधीपेक्षा मोठी वाटायची. मी चादरी उचलून बघायचे. एकेका गाडीत बसायला इतकी कमी जागा की माणूस आत शिरला तर दुसऱ्या कुणाला हात ठेवायलाही जागा नाही. मला त्या गाड्या आवडायला लागल्या. भिंतीवर लावायच्या पाट्या खाली जमिनीवर टेकवून ठेवलेल्या असत, त्या मी उकिडवी बसून एकूण एक वाचून काढल्या. कोणता चालक, कोणतं इंजिन, कुठली शर्यत. हे मुद्दाम सांगते, कारण वाचायचा मला कंटाळा होता असं नाही. बाबांना वाचून दाखवायचा कंटाळा होता.

म्युझियमची प्रमुख हेलन नावाची एक इंग्रज बाई होती, उंच, कायम गळ्यात चष्मा लटकवलेली. तिचं आणि बाबांचं छान जमायचं, कारण दोघं बोलत नसत. ती गाडीकडे बोट दाखवायची, बाबा हात फिरवायचे आणि मान हलवायचे. वर्कशॉपचा सुपरवायझर थॉमसभाई, केरळचा, तोंडाने कडक आणि डब्यातली मासळी बाबांबरोबर वाटून खाणारा. बाबांना इंग्रजी येत नाही हे या दोघांनाही माहीत नव्हतं.

एका बुधवारी संध्याकाळी बाबांच्या खिशातून हेलनचं पत्र निघालं. दोन पानं होती. जहाजाने एक गाडी येणार होती, वाळवंटातल्या रॅलीची. पहिल्या पानावर ती कधी येणार, कुठे उतरवायची, कुणी सही करायची. मी वाचत गेले, बाबा "पुढे? पुढे?" करत गेले. माझी दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट होती. त्याच संध्याकाळी आईने फोनवर भावाच्या शाळेतलं सगळं सांगितलं आणि मला काही विचारायचं राहून गेलं. दुसरं पान मी उलटलं. बारीक टाइप होता.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"पुढे काही नाही."

त्यांनी डोळे उघडले. "दोन पानं आहेत ना गं?"

"सेम थिंग, बाबा. फॉरमॅलिटी. खलास."

"बरं," ते म्हणाले, आणि पत्र घडी करून आपल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. मुलीने सांगितलं म्हणजे लिहिलेलंच असणार, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यातला शुक्रवार दसऱ्याचा आला. बाबा एरवी देवधर्म फारसा करत नसत, पण दसऱ्याला त्यांचा एक नेम होता. आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलने पुसायची, आणि दसऱ्याच्या सकाळी जी गाडी हाताखाली असेल ती धुऊन, पुसून, हार घालून तिची पूजा करायची, मग ती कुणाचीही असो. गॅरेजमधले पठाण, मल्याळी, सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. गिऱ्हाइकं तर खूश व्हायची, धुलाईचा पैसा न देता गाडी चकाचक. "दसऱ्याच्या दिवशी गाडी मळकी ठेवली तर ती वर्षभर रुसते," असं बाबा म्हणत. त्या सकाळी आम्ही लबनेहमध्ये, म्हणजे तिथल्या घट्ट दह्यात, साखर आणि वेलची घोटून श्रीखंड केलं, तिथे चक्का टांगायची गरजच नसते. झेंडूचा हार बाबांनी बर दुबई भागातल्या देवळाजवळच्या गल्लीतून आदल्या दिवशी आणला होता. गावाहून आलेल्या कुणाबरोबर आईने आपट्याची पानं पाठवली होती, ती वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घेतली.

वर्कशॉपमध्ये ती रॅलीची गाडी उभी होती. सुट्टीमुळे दुसरं कुणी नव्हतं. गाडी छतापर्यंत चिखलाने माखलेली होती, खाऱ्या दलदलीचा पांढुरका चिखल, वाळून तडे गेलेला. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हळहळले. "एवढी लांबून आली बिचारी, आणि कुणी तोंडही धुतलं नाही." मी बादली भरून दिली, फडकी पिळून दिली. उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर चिखलात एक पंजा उमटला होता, मोठा, करंगळी जराशी वाकडी. मी म्हटलं, "समबडीज हँड." बाबा म्हणाले, "उतरवताना कुणीतरी टेकला असेल," आणि ओलं फडकं त्यावरून फिरवलं. खालून हिरवा रंग निघाला. खरंच सुंदर रंग होता. बाबा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी गुणगुणत होते.

हळदीकुंकू ठेवायला कागद हवा होता. मी बाबांचं फोल्डर उघडलं आणि वरचाच कागद ओढला. ते हेलनच्या पत्राचं दुसरं पान होतं. उभ्या उभ्या वाचलं. लिहिलं होतं की ही गाडी कोणत्याही परिस्थितीत धुऊ नये. चालकाची ही शेवटची शर्यत. ती संपल्यावर त्याने गाडीला हात टेकवून फोटो काढून घेतला, आणि त्याच वर्षी तो आजारपणात गेला. त्याच्या बायकोने गाडी इतकी वर्षं चिखलासकट जपली आणि याच एका अटीवर म्युझियमला दिली. उजव्या मडगार्डवरच्या पंजाची विशेष काळजी घ्यावी.

मी लगेच ओरडले असते, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ओरडले नाही. कागद हातात धरून उभी राहिले. बाबा उजवा मागचा दरवाजा पुसत होते, आणि मी बोलले नाही तर हे अजून घडलेलंच नाही असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. त्यांचा दरवाजा पुसून पुरा झाला. ते बादली उचलून डाव्या बाजूला निघाले तेव्हा माझ्या तोंडून आलं, "बाबा, थांबा." मराठीत आलं.

मी वाचून दाखवलं. एकेक वाक्य, त्याचं मराठी. या वेळी ते "पुढे?" म्हणाले नाहीत. संपल्यावर त्यांनी फडकं बादलीच्या काठावर ठेवलं, तळहात पँटीला पुसला आणि मडगार्डवर जिथे पंजा होता तिथे अलगद फिरवला. तिथे आता काही नव्हतं. मग माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"हे पत्र तू बघितलेलंच नाहीस," ते म्हणाले. "मी तुला दाखवलंच नाही. कळलं?"

"पण बाबा..."

"कळलं का?"

मी मान हलवली. त्यांनी स्वतःच थॉमसभाईला फोन केला. तासाभरात तो आला, मागोमाग हेलन. हेलन गाडीजवळ आली, धुतलेली बाजू पाहिली, आणि एक स्टूल ओढून खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. थॉमसभाई मात्र तापला. "साफ लिखा था! लेटर मिला था ना तुमको? साइन भी किया है! पढ़ा क्यों नहीं?"

बाबा ताठ उभे होते. काखेत पेपर नव्हता. ते हेलनकडे बघून म्हणाले, "मॅडम, पेपर आय गेट. आय नॉट रीड. इंग्लिश आय डोन्ट नो. आय कॅन नॉट रीड." मग थॉमसभाईकडे वळून, "कभी नहीं आता था, भाई. सबको झूठ बोला."

थॉमसभाईचा आवाज खाली आला. "घर में कोई पढ़ने वाला नहीं है?" त्याने विचारलं, आणि त्याची नजर माझ्याकडे आली. दहावीतली, इंग्रजी शाळेतली, चष्मेवाली मुलगी. बाबा म्हणाले, "नहीं. उसको मैंने दिखाया नहीं." मी तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, आणि तेही कुठल्याही भाषेत चाललं असतं. बोलले नाही.

आमच्या सामानात हार तसाच होता. निघताना बाबांनी तो आपल्या हत्यारांच्या पेटीला घातला, हळदीकुंकवाची बोटं लावली आणि पेटी पिकअपमध्ये ठेवली. शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा जॅम होता. दीड तास आम्ही गाडीत बसून होतो आणि मी वाट बघत होते की आता ते मला काहीतरी बोलतील, निदान एक थप्पड देतील. एका सिग्नलजवळ गाडी पूर्ण थांबली तेव्हा त्यांनी मागे हात घालून वर्तमानपत्राची पुडी काढली. आपट्याचं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. "सोनं घे," म्हणाले. "सोन्यासारखी राहा." पान प्रवासात वाळून कडेने मुडपलं होतं. मी रडले. त्यांनी रेडिओ लावला.

म्युझियमने बाबांना परत पाठवलं. क्वार्टर गेलं. बाबांनी आईला फोनवर एवढंच सांगितलं की तिथलं काम संपलं. मागाहून कुणाकडून तरी तिला कळलं की यांनी काहीतरी खराब केलं. मग ती कितीतरी वर्षं, पापड लाटताना, तांदूळ निवडताना, बाबा सुट्टीवर आले की त्यांच्या आणि माझ्याही देखत म्हणायची, "यांच्या हातात आलेलं कधी टिकलंय?" बाबा हसायचे. मी ताटातलं चिवडत बसायचे. दहावी झाल्यावर मीही गावाला गेले, आणि बाबा त्या एका खोलीत एकटे आणखी अकरा वर्षं राहिले. त्यांची पत्रं मग कुणी वाचली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारण्याची हिंमत नव्हती.

आज मी परत अमिरातीतच, अल ऐनला, शाळेत शिकवते. चाळिशी लागली आहे, पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. औषधाच्या डबीतली चिठ्ठी, बसच्या तिकिटामागचे नियम, सगळं. माझा मुलगा म्हणतो, "आई, नोबडी रीड्स दॅट." मी त्याला कारण सांगितलेलं नाही. बाबा कायमचे गावी परतले आणि पुढे आजारी पडले, तेव्हा चिपळूणच्या हॉस्पिटलात त्यांचा रिपोर्ट माझ्या हातात आला. इंग्रजीत होता. भाऊ कॉटच्या मागे उभा राहून मला हाताने खुणावत होता, शेवटचं सांगू नकोस. बाबांनी डोळे मिटले होते. मी वाचत गेले, ते क्षीण आवाजात "पुढे?" म्हणत गेले, आणि मी शेवटची ओळही सांगितली, की आता उपाय नाही. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "नीट वाचलंस." त्यापेक्षा जास्त काही नाही. मी ते क्षमा म्हणून घेतलं, त्यांनी दिली होती की नाही ते मला कधीच कळणार नाही.

गेल्या हिवाळ्यात, त्यांना जाऊन तीन वर्षं झाल्यावर, मी त्या म्युझियमला एकटीच गेले. अल ऐनहून दीड तासाचा रस्ता. तिकीट काढलं, शाळेच्या एका सहलीतल्या पोरांच्या मागून आत शिरले. ट्रॅकवरून तोच आवाज येत होता. गाडी शेवटच्या दालनात आहे, डावीकडून छतापर्यंत चिखल, उजवीकडून हिरवा रंग, अगदी मधोमध रेघ मारल्यासारखी. पोरं उजव्या बाजूला उभी राहून फोटो काढत होती, तिकडच्या चकचकीत रंगात आपला चेहरा दिसतो म्हणून. ती गेल्यावर मी जवळ गेले. पाटी होती. मी ती मनात वाचली, आणि मग काय झालं मला माहीत नाही, मोठ्याने वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी, मग थांबायचं, तेवढाच वेळ, जेवढा ते घेत.

दारावरचा गार्ड, नेपाळचा तरुण मुलगा, आला. "मॅडम, किसको सुना रहे हो?"

"बाबा को," मी म्हटलं. त्याने दालनात इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप दाराशी जाऊन उभा राहिला.

ही गाडी तिच्या चालकाची शेवटची शर्यत संपवून आली त्या स्थितीत जतन केलेली आहे. थांबले. उजवी बाजू प्रदर्शनाच्या तयारीत एका कामगाराकडून चुकून धुतली गेली. हे वाक्य पुन्हा वाचलं, आणि मराठी करताना त्या वाक्यात पाटीवर नसलेली एक भर घातली, की त्याच्या मुलीने पत्र पुरं वाचलं नव्हतं. थांबले. चालकाच्या पत्नीने गाडी पाहिल्यावर ती अशीच ठेवावी असं सांगितलं. थांबले. पाटी संपली होती. खाली, मागे, कडेला, सगळीकडे बघून घेतलं.

"पुढे काही नाही, बाबा," मी म्हटलं. "या वेळी खरंच नाही."